चिमट्याचा वळ

नागोजीरावांचं अर्धं आयुष्य घोड्यांत गेलं आणि उरलेलं कुत्र्यांत. घोड्यांतल्या आयुष्याबद्दल त्यांची बायको राजसबाई चारचौघींत कौतुकाने बोलायची. कुत्र्यांचा विषय निघाला, की मात्र "ते हास्पिटलात असतात" एवढं सांगून ती चुलीकडे वळायची.

घराणं तंजावरचं. पणजोबा राजवाड्याच्या पागेत होते, असं घरात सांगत. ती पागा केव्हाच मोडली होती, पण घोड्याची जाण तेवढी पिढ्यान्‌पिढ्या हातात राहिली होती. मिसरूड फुटायच्या आत नागोजी मद्रासला आले आणि गिंडीला शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार म्हणून लागले. खरारा करायचा, झुंजुमुंजू होताच घोडा फिरवून आणायचा, पळून आलेल्या घोड्याचा खूर तापलाय का ते हात उलटा करून बघायचं, यात त्यांची वीस-बावीस वर्षं कशी गेली ते त्यांनाही कळलं नाही. मग एका अल्लड शिंगराने मागच्या पायाची लाथ झाडली ती नेमकी गुडघ्यावर बसली. हाड जुळलं, पण पाय आखडला. घोड्याबरोबर धावू न शकणाऱ्या मोतद्दाराला तबेल्यात कोण ठेवणार? तिथे येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी शब्द टाकला आणि नागोजीरावांना एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या प्राणिघरात नोकरी मिळाली.

प्राणिघर म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाला, एका भल्यामोठ्या झाडाखाली उभारलेली कौलारू शेड. एका बाजूला ससे आणि गिनिपिग, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांचे पिंजरे. ही कुत्री कॉर्पोरेशनच्या कोंडवाड्यातून यायची. रस्त्यावर पकडलेली, आज ना उद्या मारली जाणारी. त्यांना आणायचं, आंघोळ घालायची, खायला घालून अंगावर मांस चढवायचं आणि डॉक्टर मागतील तेव्हा टेबलापाशी न्यायचं, हे नागोजीरावांचं काम.

नोकरी लागल्याचं घरी सांगितलं त्या दिवशी राजसबाईने आधी चुलीवरचं भांडं उतरवलं. मग म्हणाली, "घोडा दारात उभा राहिला तर लोक लक्ष्मी आली म्हणतात. कुत्रा उभा राहिला तर काय म्हणतात?"

"कुत्रा उभा आहे म्हणतात," नागोजीराव म्हणाले.

तिला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही. तेव्हापासून सैदापेटच्या त्या दोन खोल्यांच्या घरात एक रीत पडली. कामावरून आल्यावर नागोजीराव मागच्या दाराने यायचे, परसातल्या नळाखाली आंघोळ करायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे.

प्राणिघरात त्यांनी स्वतःसाठी एक नियम केला होता. कुत्र्याला नाव द्यायचं नाही. गळ्यातल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर नंबर असतो, त्या नंबराने हाक मारायची. नाव दिलं की ते जनावर आपलं होतं, आणि आपलं झालेलं जनावर दुसऱ्याच्या हवाली करताना हात मागे येतो. पिंजरे धुणारी अलमेलू होती तिला असला कुठलाच नियम मान्य नव्हता. ती आलेल्या प्रत्येक कुत्र्याचं पहिल्याच दिवशी बारसं करायची. नागोजीराव तिकडे कानाडोळा करत.

त्रेसष्ट साली डॉक्टर नारायणस्वामी प्राणिघरात येऊ लागले. शस्त्रक्रियेच्या विभागातले हे डॉक्टर चाळिशीच्या आतले, कमी बोलणारे, कुंभकोणमकडचे. पहिल्या दिवशी ते आले आणि कुत्र्यांकडे न बघता एका पालथ्या बादलीवर बसून राहिले. नागोजीरावांनी खुर्ची आणली तरी उठले नाहीत.

"नागोजीराव," ते तमिळमध्ये म्हणाले, "तुम्ही गिंडीला होतात ना?"

"होय सार. घोड्यांत."

"तिथल्या औद्योगिक वसाहतीतला एक टर्नर माझ्याकडे आला होता. लेथवरून लोखंडाचा तुकडा उडाला आणि मांडीत घुसला. धमनी तुटली होती."

हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. तुटलेली धमनी शिवायची तर आधी तिच्यातलं रक्त थांबवायला हवं. त्यासाठी वरच्या आणि खालच्या बाजूला एकेक चिमटा लावतात, मधला भाग शिवतात आणि शेवटी चिमटे काढून रक्ताला वाट मोकळी करून देतात. डॉक्टरांनी तसं केलं. टाके सुबक बसले. पाय गरम झाला, गुलाबी झाला. बायको पाया पडून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पाय थंड लागू लागला. वरिष्ठ म्हणाले, धमनीला पेटका आला असेल, आपोआप सैल पडेल, पाय उबेत ठेवा, वाट बघा. त्यांनी वाट बघितली. पाय निळा पडला, मग काळा. शेवटी मांडीपासून कापावा लागला.

"कापलेल्या पायातली ती धमनी मी स्वतः उघडून बघितली," डॉक्टर म्हणाले. "टाक्यांपाशी काही नव्हतं. गुठळी होती ती टाक्यांच्या जरा वर आणि जरा खाली. जिथे माझे चिमटे होते, बरोबर तिथे."

नागोजीरावांनी आणलेली खुर्ची बाजूला सारली. त्यांनी विचारलं, "त्या माणसाचं आता कसं आहे?"

"कुबड्या घेऊन गावी गेला. गुम्मिडिपूंडीच्या पलीकडे कुठेतरी घर आहे. जाताना मला म्हणाला, तुम्ही जीव वाचवलात. मला मान वर करता आली नाही."

नंतर त्यांनी काय हवंय ते सांगितलं. चिमटा किती घट्ट बसला म्हणजे धमनीला इजा होते, किती वेळ ठेवला म्हणजे होते, दातेरी चिमट्याऐवजी रबराची नळी चढवलेला चिमटा लावला तर काय होतं, हे त्यांना कुत्र्यांवर बघायचं होतं. कुत्र्याच्या मांडीतली धमनी माणसाच्या हातातल्या धमनीएवढी असते.

पहिल्या कुत्र्याची धमनी उघडली तेव्हा डॉक्टरांनी नागोजीरावांना हाक मारून बोलावलं. पांढऱ्या इनॅमलच्या ताटलीत ती उभी चिरून पसरली होती. आतली बाजू ओलसर, गुळगुळीत, कोवळ्या शहाळ्यातल्या मलईसारखी. आणि त्या मलईवर आडवा एक निस्तेज पट्टा. त्यात दात्यांच्या खुणा, आणि खुणांना चिकटलेली काळसर लाल गुठळी.

"हे आतलं अस्तर," डॉक्टर चिमट्याच्या टोकाने दाखवत म्हणाले. "हे शाबूत असतं तोवर रक्त सरळ वाहत जातं, कुठे चिकटत नाही. अस्तर चिरडलं की रक्ताला उघडी भिंत लागते. मग ते तिथे गोठायला लागतं. बाहेरून बघाल तर नळी धडधाकट."

नागोजीराव वाकून बघत राहिले. "लगाम जोराने ओढला की घोड्याच्या तोंडात असाच वळ उठतो, सार. बाहेरून काही दिसत नाही. घोडा चारा टाकतो तेव्हा समजतं."

"असाच," डॉक्टर म्हणाले. "पण घोड्याच्या तोंडातला वळ बरा होतो. हा बरा होतो की नाही ते मला अजून माहीत नाही."

काम सुरू झालं. आठवड्यातून एक-दोनदा कुत्र्याला झोपेचं इंजेक्शन द्यायचं, मांडी उघडायची, चिमटा लावायचा, काढायचा, शिवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात हात घालून दोन्ही मागचे पंजे गरम आहेत का ते नागोजीरावांनी बघायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. त्यानंतर कुत्र्याला पुन्हा निजवायचं, आणि या वेळी ते उठायचं नाही. धमनी काढून घ्यायची.

असे काही महिने गेले तेव्हा एकदा नागोजीराव डॉक्टरांना म्हणाले, "सार, विचारू का? अजून किती लागतील?"

डॉक्टर आपल्या वहीत आकडे मोजत बसले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. म्हणाले, "एका पायाला साधा चिमटा आणि दुसऱ्या पायाला रबराचा, असं एकाच कुत्र्यावर करू. तुलनाही जास्त चांगली होईल आणि कुत्री निम्मी लागतील. मला हे आधीच सुचायला हवं होतं." नागोजीरावांनी मान डोलावली. कमी म्हणजे शून्य नव्हे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या नव्या पद्धतीत आलेल्यांपैकी एक काळी कुत्री. एक कान फाटलेला, पाठीवर जुन्या भाजल्याचा डाग. कुणीतरी कधीतरी गरम पाणी ओतलं असणार. आली त्या दिवसापासून ती भुंकली नाही. अलमेलूने तिचं नाव करुप्पी ठेवलं, म्हणजे काळी. नागोजीराव तिला बिल्ल्यावरच्या नंबराने हाक मारत आणि ती त्या हाकेला मान वर करून बघायची.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नागोजीरावांनी तिचे पंजे चाचपले. रबराचा चिमटा लावलेला पाय गरम होता. साध्या चिमट्याचा थंड, पावसात भिजलेल्या दगडासारखा. ते डॉक्टरांकडे गेले. एरवी डॉक्टर अशा वेळी "बरं" म्हणायचे आणि कुत्र्याला शेवटचं निजवायची तयारी करायला सांगायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

"त्या टर्नरच्या वेळी आपण वाट बघत बसलो," ते म्हणाले. जणू त्या वेळी नागोजीराव त्यांच्या शेजारी उभे होते. "आज वाट बघायची नाही. टेबल लावा."

धमनी त्यांनी पुन्हा उघडली. रबराच्या हलक्या चिमट्यांनी धरून ती जरा चिरली, आतली गुठळी अलगद ओढून काढली, रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने नळी धुतली आणि पुन्हा शिवली. नागोजीराव डोक्याशी उभे होते. डॉक्टर म्हणाले, "बघा." नागोजीरावांनी पंजा हातात धरला. पहिल्यांदा काहीच नाही. मग अगदी सावकाश, घराचं दार उघडल्यावर ऊन आत सरकत यावं तशी, पंजाच्या त्या थंड गादीत ऊब आली.

"आली, सार."

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. त्यांना घाम फुटला होता. "हिला मारायचं नाही," ते म्हणाले. "आता बघायचंय ते हे, की एकदा उघडलेली ही वाट उघडी राहते का. अस्तर परत येतं का. अर्धं वर्ष तरी जाऊ द्यायला हवं."

अशा दोन कुत्र्या ठेवल्या. दुसरी काही आठवड्यांतच कुत्र्यांना येतो त्या तापाने गेली. करुप्पी राहिली.

अर्धं वर्ष म्हणजे नियम पाळायला फार मोठा काळ. सकाळी नागोजीराव आले की ती आधी त्यांच्या आखडलेल्या पायाकडे बघायची, मग तोंडाकडे. सशांना चारा घालताना ती पाठोपाठ यायची आणि पिंजऱ्यांपासून हातभर अंतरावर बसायची. सशांच्या वाटेला कधी गेली नाही. कावळ्यांना मात्र भयंकर घाबरायची. कावळा शेडच्या वळचणीला बसला, की नागोजीरावांच्या धोतराआड. एकदा असंच ती पायात घुसली आणि ते धडपडता धडपडता म्हणाले, "करुप्पी, अग सरक."

अलमेलू खराटा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "नंबर विसरलात वाटतं."

"विसरलो," ते म्हणाले.

दर काही दिवसांनी डॉक्टर येऊन तिच्या मांडीतली नाडी बघायचे. तिला त्याची इतकी सवय झाली, की डॉक्टर दिसले की ती आपणहून टेबलावर चढून कुशीवर पडायची. नाडी चांगली होती. पंजे गरम होते.

अर्धं वर्ष संपत आलं तसं डॉक्टर नारायणस्वामी यायचे कमी झाले. आले तरी कुत्रीकडे बघून निघून जायचे. एके दिवशी दुपारी त्यांनी नागोजीरावांना झाडाखाली बसवून घेतलं.

"नाडी चालू आहे हे बाहेरून समजतं," ते म्हणाले. "पण आतलं अस्तर भरून आलंय की नुसती जुनी गुठळी वाळून बसलीय, हे उघडल्याशिवाय समजणार नाही. दुसरी कुत्री असती तर..." ते थांबले. "मी हिला सोडू शकतो. तुम्ही म्हणालात तर सोडतो, मनापासून सांगतो. मग मी एवढंच लिहीन, की सहा महिने नाडी होती, पुढचं माहीत नाही. आणि कधीतरी मी किंवा दुसरा कुणीतरी हेच पुन्हा करू, दुसऱ्या कुत्रीवर."

"मला विचारायची काय गरज, सार? तुम्ही डॉक्टर."

"सांभाळली तुम्ही."

नागोजीरावांनी उद्या सांगतो म्हटलं. त्या संध्याकाळी त्यांनी परसात आंघोळ केली, पण घरात न जाता तिथल्या पायरीवरच बसून राहिले. राजसबाई कॉफी घेऊन आली.

"काय झालं?" तिने विचारलं. "अस्कं ठीक आहे ना?" तंजावरच्या घरांत सगळ्याला अस्कं म्हणतात.

त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी एका कुत्र्याचंही घरी नाव काढलं नव्हतं. आज सगळंच सांगितलं. फाटका कान, पाठीवरचा डाग, कावळे, थंड पडलेला आणि परत गरम झालेला पंजा.

राजसबाई ऐकत होती. मग तिने विचारलं, "तुम्ही नको म्हटलंत तर ते दुसरी आणतील?"

"आज नाही तर पुढच्या साली. आणतीलच."

"तिला सांभाळणार कोण?"

"कोण म्हणजे? मीच."

"मग सहा महिन्यांनी तुम्ही इथेच बसणार आणि मी अशीच कॉफी आणणार." तिने रिकामा पेला उचलला. "मी द्या म्हणत नाही, नका देऊ म्हणत नाही. मी तिला बघितलीही नाही. पण जे दोनदा होणार, ते एकदा झालेलं बरं, कां म्हटलं तर दुसरीलाही आई असेलच."

सकाळी डबा देताना तिने पानात गुंडाळलेलं आणखी एक पुडकं वर ठेवलं. "दहीभात आहे. तिला तिखट चालतं की नाही ते ठाऊक नाही, म्हणून मिरची घातली नाही."

नागोजीरावांनी डॉक्टरांना हो सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "उद्या करू. तुम्ही उद्या रजा घ्या. प्राणिघरातला तो दुसरा माणूस, रंगा, तो आणेल तिला."

"रंगाचा हात तिला ओळखीचा नाही," नागोजीराव म्हणाले. "ती घाबरेल. मीच आणतो."

त्या दिवशी करुप्पीने दहीभात खाल्ला, पान चाटून पुसून स्वच्छ केलं आणि पान उचलायला गेलेल्या नागोजीरावांचा हातही चाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला दोरीशिवायच घेऊन गेले. डॉक्टरांना बघून ती नेहमीसारखी टेबलावर चढली आणि कुशीवर पडली. नागोजीरावांनी तिच्या हनुवटीखाली हात ठेवला. इंजेक्शन टोचलं तेव्हा ती जराशी दचकली, मग तिने हातावर सगळं वजन टाकलं. ते वजन वाढत गेलं. डॉक्टर "झालं" म्हणाले तरी त्यांनी काही वेळ हात काढला नाही.

बाहेर येऊन त्यांनी सगळे पिंजरे धुतले. ते खरं तर अलमेलूचं काम. ती पाण्याच्या बादल्या भरून आणून देत राहिली.

डॉक्टर इनॅमलची ताटली घेऊन आले तेव्हा ते ओल्या हातांनी पायरीवर बसले होते.

"बघायचंय?" डॉक्टरांनी विचारलं. "नको असेल तर नको."

नागोजीरावांनी हात पुसले आणि उभे राहिले. मांडीतल्या दोन धमन्या उघडून शेजारी ठेवल्या होत्या. रबराच्या चिमट्याच्या धमनीत चिमटा कुठे लागला होता ते शोधावं लागत होतं. दुसरीत शोधावं लागलं नाही. आडवा एक पांढुरका, किंचित उंचावलेला पट्टा तिथे होता, जुन्या जखमेवर नवी कातडी यावी तसा. पण तो गुळगुळीत होता. त्यावरून ओलसर चमक इकडून तिकडे अखंड गेली होती. गुठळीचा मागमूस नव्हता.

"भरून आलं," नागोजीराव म्हणाले.

"आलं," डॉक्टर म्हणाले. ताटली घेऊन ते आत गेले.

त्यानंतर नागोजीरावांनी एक अर्ज दिला. मला सशांकडे द्या, एवढंच त्यात होतं. डॉक्टरांनी त्यावर सही केली.

पुढच्या वर्षी पंगुनीच्या, म्हणजे आपल्या फाल्गुन-चैत्राच्या, उन्हाळ्यात एका दुपारी डॉक्टर एका बाईला घेऊन प्राणिघरात आले. बाई तिशीची, नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी साडी नेसलेली. उजवा हात कोपरापाशी बांधून गळ्यात अडकवलेला. डाव्या हातात केळ्यांची फणी. त्या अड्यारच्या एका ऑफिसात टायपिस्ट होत्या. खिडकीचं तावदान ओढताना काच फुटली आणि कोपराच्या खळग्यातली धमनी कापली गेली.

डॉक्टर म्हणाले, "यांची धमनी मी रबराच्या चिमट्यांनी धरून शिवली. तरीही संध्याकाळी बोटं पांढरी पडली आणि मनगटातली नाडी गेली. कितीही हलक्या हाताने धरलं तरी वळ उठायचा तो थोडाफार उठतोच. त्यांना मी लगेच परत टेबलावर घेतलं. चिंचोक्याएवढी गुठळी निघाली." ते बाईंकडे वळले. "मी वाट का बघितली नाही, ते यांना विचारा. हे नागोजीराव." एवढं बोलून ते सशांच्या बाजूला निघून गेले.

"राव?" बाई म्हणाल्या, आणि तमिळ सोडून मराठीत आल्या. "तुम्ही तंजावरचे काय?"

"तंजावरचे. पागेवाले." नागोजीरावांनी खुर्ची पुढे केली. "तुम्ही देशस्थ असाल."

"हो. मी वसंता. आमचे आजोबा कुंभकोणमला शिकवायचे." त्या बसल्या. "आमच्या घरी अशी भाषा आता कोणी बोलत नाही. भाऊ तमिळमध्ये बोलतो, त्याची मुलं इंग्रजीत."

"आमच्याकडे बायको बोलते. मी ऐकतो."

वसंताबाई हसल्या. मग त्यांनी केळी खाली ठेवली आणि बहुधा वाटेत ठरवून आल्या असतील ते विचारलं. "डॉक्टर म्हणाले एक कुत्री होती. तिचं नाव काय होतं?"

"करुप्पी."

"कशी होती?"

नागोजीरावांना वाटलं होतं की आपल्याला सांगता येणार नाही. पण आपल्या भाषेत विचारलं म्हणून असेल किंवा काय, ते सांगत गेले. कावळ्यांना भ्यायची ते सांगितलं. सशांपासून हातभर दूर बसायची ते सांगितलं. शेवटच्या दिवशी टेबलावर आपणहून चढली तेही सांगितलं, कारण न सांगणं त्यांना खोटं बोलण्यासारखं वाटलं. वसंताबाई ऐकत होत्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी डाव्या हाताने पुसलं.

"पावम," त्या म्हणाल्या. बिचारी. "तिला कुठे पुरलं?"

"पुरत नाहीत, अम्मा. भट्टीत जाळतात. दाखवण्यासारखी जागा नाही."

वसंताबाईंनी पदर सावरला. मग गळ्यातल्या झोळीतून उजवा हात हळूच बाहेर काढून त्यांनी मांडीवर ठेवला. "अंगठा आणि ही दोन बोटं चालतात. करंगळीत अजून जीव नाही. ऑफिसवाले म्हणाले, सावकाश टाइप करा. काही अक्षरं विसरल्यासारखी होतात, बोट जायचं तिथे जात नाही."

"येईल," नागोजीराव म्हणाले. "जरा वेळ लागेल. हात उबेत ठेवा."

"ठेवते."

त्यांनी केळी अलमेलूला दिली. अलमेलूने निम्मी घरी नेली आणि निम्मी सशांना घातली.

नागोजीराव एकोणसत्तर साली निवृत्त झाले. त्याच्या आदल्या शरदात प्राणिघरात आयुधपूजा होती. त्या दिवशी मद्रासमध्ये ज्याचं जे हत्यार त्याची पूजा होते. रिक्षावाले रिक्षा धुतात, शिंपी यंत्राला हार घालतात. प्राणिघरातही टेबल मांडलं होतं. त्यावर खराटे, चाऱ्याच्या टोपल्या, तराजू, कात्र्या आणि डॉक्टर नारायणस्वामींनी पाठवून दिलेले रबरी नळ्यांचे चिमटे, सगळ्यांना चंदनाची बोटं आणि कुंकू लावलं होतं. घरची माणसं आणायची मुभा होती. नागोजीरावांनी बायकोला नुसतं विचारून ठेवलं होतं. येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण राजसबाई ठेवणीतली साडी नेसून आली.

ती थेट कुत्र्यांच्या पिंजऱ्यांपाशी गेली. तिथे त्या दिवशी तीन होती. तिने तिघांकडे बराच वेळ बघितलं, जवळ गेली नाही, पण पदरही नाकाला लावला नाही. मग ती सशांकडे आली.

"हे काय करतात दिवसभर?" तिने विचारलं.

"खातात."

"आणि?"

"परत खातात. यांच्याइतकं मठ्ठ जनावर मी आयुष्यात बघितलं नाही." नागोजीरावांनी एक पांढरा ससा काढून तिच्यापुढे धरला. तिने आधी हात मागे घेतला, मग एका बोटाने त्याच्या कानामागे खाजवलं. सशाने डोळे मिटले.

अलमेलूने कागदाच्या पुड्यांतून चुरमुरे आणि गूळ-फुटाणे वाटले. दोघं झाडाखाली बसून ते खात राहिले. राजसबाईने आपल्यातले फुटाणे वेचून त्यांच्या पुडीत टाकले, कारण तिचे दात आता दुखत. ऊन कलल्यावर दोघं सैदापेटच्या बसला निघाली. नागोजीराव लंगडत पुढे चालले होते आणि ती त्यांना मागून सावकाश चाला म्हणत होती.